तीन रात्री समुद्रावर: आराम कसा जमतो आणि जेवण कसं जमवावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिंहगड रोडवर राहता, घरात ६ माणसं. तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, १३ आणि ८ वर्षांची मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी. सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जानेवारीत ४ दिवस, ३ रात्री मिळतायत. पुण्याच्या थंडीतून उबेत जायचंय, समुद्रापाशी नुसतं पडायचंय, आणि चार दिवस तुम्हाला स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही. मागच्या वर्षी असेच गेलात आणि निघताना होतात त्याहून जास्त दमून आलात. म्हणून विचारताय, कोणता किनारा आणि कोणतं हॉटेल?

त्या प्रश्नापेक्षा तुम्ही सांगितलेली मागच्या वर्षीची हकीकत जास्त बोलकी आहे. ३ दिवसांत ४ गावं, रोज सकाळी सामान बांधणं, दुपारी अडीच-तीनला जेवायची जागा शोधणं, सहा जणांची सहा मतं, आणि ऑर्डर दिल्यावर पाऊण तास वाट बघणं. माझ्या मते तुमचं दुखणं इथे आहे. किनारा कुठलाही घेतला असता तरी ते सोबत आलंच असतं.

मी गेली २१ वर्षं पुण्यातून कोकणात छोट्या कौटुंबिक सहली नेते, बहुतेक वेळा ज्येष्ठ मंडळींच्या. तिसऱ्या वर्षी माझ्याकडूनही हेच झालं होतं. २ रात्रींत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी आणि पुढे आंजर्ले-हर्णै, असा कार्यक्रम मी आखला होता. दुसऱ्या दिवशी दुपारचे सव्वातीन वाजले तरी ११ माणसं एका खानावळीत ताटाची वाट बघत बसलेली. आमच्यातल्या एका काकांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम. सकाळची मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. साखर घातलेलं पाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांनी ते सावरले. खानावळवाल्याची काही चूक नव्हती, त्याला आम्ही येणार हे माहीतच नव्हतं. वेळापत्रक माझं होतं. त्या दिवसापासून मी सहल जेवणाच्या वेळांभोवती आखते आणि बाकीचं त्यात बसवते. तुमच्या घरातही गोळ्या घेणारे आहेत, म्हणून हे आधी सांगितलं. जेवण एक-दोन तास लांबणं तुमच्या-माझ्यासाठी नुसती चिडचिड असते, त्यांच्यासाठी साखर खाली जाण्याचा धोका असतो.

आता गाव. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमच्या बाबतीत दोनच गोष्टींवर: सासूबाई गाडीत सलग किती बसू शकतात, आणि एकाच गावात शाकाहारी घरगुती जेवण आणि चांगली मासळी दोन्ही मिळते का. ३ रात्रींसाठी मी दिवेआगर सुचवेन. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असं १६०-१७० किलोमीटर अंतर आहे. दोनदा थांबून ५ तास धरा. गुहागर मला स्वतःला जास्त आवडतं. तिथली लांबलचक पुळण, मागे सुरूची झाडं, व्याडेश्वराच्या मंदिराच्या आसपासची शांत घरं, सगळं छान आहे. पण रस्ता बराच लांबचा, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेवढे तास पाय दुमडून बसणं जड जातं. मालवण-तारकर्लीला ५ रात्री असतील तरच जा. दापोलीकडे मुरूड-कर्दे हा चांगला पर्याय आहे, फक्त मुक्काम खाली किनाऱ्यावर घ्या. दापोली गाव उंचावर असल्यामुळे तिथे रात्री चांगलाच गारठा असतो, आणि तुम्हाला तर ऊब हवी आहे. किनारपट्टीवर जानेवारीत दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि रात्री पातळ पांघरूण पुरतं.

गाव कोणतंही घ्या, पण एकच घ्या. एका घरात ३ रात्री.

घर शक्यतो वाडीतलं बघा. अगदी समुद्रासमोरची खोली सगळ्यांनाच हवी असते, पण अकरा वाजले की तिथे ऊन आणि वारा दोन्ही नकोसे होतात. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घराला पडवी असते, बहुतेक ठिकाणी झोपाळाही असतो, झाडांना सकाळी पाणी सोडलेलं असतं आणि भर दुपारी तिथे गारवा टिकतो. समुद्र पाच-सात मिनिटांवर. सासूबाईंसाठी खोली तळमजल्यावर आणि संडास कमोडचा, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्या. 'सगळी सोय आहे' या उत्तरावर थांबू नका.

आता तारीख, कारण इथे समुद्र तुम्हाला मोठी मदत करू शकतो. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे गेलात तर सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते आणि मग दुपारपर्यंत पाणी चढत राहतं. म्हणजे आठ ते दहा ही मुलांची डुंबायची वेळ भरती लागलेली असताना येते. तेव्हा पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं. शिवाय थंडीत सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे लाटा बसक्या असतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की समुद्राचा स्वभाव बदलतो. संध्याकाळी पाच-सहाला पुन्हा ओहोटी, म्हणजे ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा चालायला मोकळा, आणि सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. दुखऱ्या गुडघ्याला कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत वीस पावलं जड जातात, त्याच सासूबाई ओल्या वाळूवर अर्धा तास चालतील. मी हे दर सहलीत बघते.

मात्र त्याच दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि उतरताना जोरात ओढतं. म्हणून संध्याकाळी मुलांना पोटऱ्यांच्या वर पाण्यात सोडू नका, कितीही हट्ट केला तरी. अष्टमीच्या आसपास याच्या बरोबर उलटं होतं, सकाळची सगळी चांगली वेळ ओहोटीत जाते. एखाद्या सकाळी हरिहरेश्वरला देवदर्शनाला गेलात तर तिथे पाण्यात उतरू नका, आणि खडकांवरची प्रदक्षिणा ओहोटी असेल तरच करा.

२६ जानेवारीची जोडून सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळा. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर मुलांची शाळा दोन-चार दिवस बुडाली तरी चालेल, असं माझं मत आहे. जी काकू सोमवारी ८ जणांचा स्वयंपाक करते तिलाच शनिवारी ६० जणांचा करावा लागतो. आमटी तीच असते, पण तिच्या हाताला वेळ नसतो.

आता जेवण, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

कोकणातल्या घरगुती खानावळीत बाहेर जेवणं म्हणजे आदल्या जेवणाला पुढचं जेवण सांगणं. पुण्यात आपल्याला सवय असते की जावं, कार्ड बघावं, मागवावं. तिथे माणसं मोजून नारळ फोडला जातो, माणसं मोजून मासे घेतले जातात. न सांगता पोचलात तर एकतर वाट बघावी लागते, नाहीतर शीतपेटीतलं पुढ्यात येतं. सांगून गेलात तर ताट तयार असतं. पाऊण तासाची वाट आणि सहा मतं, दोन्हींवर हा एकच उपाय आहे.

मोदकाचं उदाहरण घ्या, दिवेआगरला ते खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही. मी ज्या घरी उतरते तिथल्या काकूंच्या शेजारी पाटावर बसून मी कितीतरी वेळा बघितलंय. पाण्याला उकळी आली की त्यात मीठ आणि चमचाभर लोणी, मग तांदळाची पिठी एकदम, आणि वर झाकण. वाफ धरलेली उकड परातीत काढून हात पोळत असतानाच मळायची, एकदा तेलाचा हात, एकदा पाण्याचा. गोळा अंगठ्याने दाबत दाबत वाटी करायची, कडा मधल्या भागापेक्षा पातळ. मग चिमटीत कळ्या. त्या जवळजवळ लागल्या की सारण भरून तोंड मिटायचं आणि हळदीच्या पानावर ठेवून वाफवायचं. उकड गार झाली की कळी फाटते, म्हणून हे आधी करून ठेवता येत नाही. दुपारी एकला पोचून 'मोदक आहेत का' विचारलं तर त्या बाईने काय करावं? आदल्या संध्याकाळी सांगा, माणशी किती तेही सांगा. संकष्टीला मात्र गणपतीच्या दर्शनाची गर्दी असते, त्या दिवशी मोदकांची आशा धरू नका.

शाकाहार आणि मासे एकाच कुटुंबात कसे बसवायचे? दिवेआगर, गुहागर, केळशी या गावांत पूर्ण शाकाहारी घरं पुष्कळ आहेत आणि सासूबाईंचं खरं जेवण तिथेच आहे: डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सकाळी घावन. मुक्काम अशा घरी घ्या. मासळी गावातल्या दुसऱ्या खानावळीत, दुपारी जाऊन खायची. दोन पाळ्या करा. तुम्ही सासूबाईंना मुक्कामी ताटावर बसवून द्या, तेवढ्यात तुमचे यजमान, सासरे आणि मुलं मासळीला जातील. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. एकत्र जेवायचा आग्रह रात्रीसाठी ठेवा. आणि शाकाहारी घराच्या खोलीवर मासळीचं पार्सल नेऊ नका. घरमालक तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांना ते फार लागतं.

मासळी दुपारी का? सकाळी घेतलेला मासा दुपारच्या तव्यावर सगळ्यात चांगला लागतो, आणि काही बाधलंच तर हाताशी दिवस असतो. खानावळीत सकाळी नऊला फोन करून 'आज काय आलंय' एवढंच विचारा. 'सुरमई आहे का' असं विचारलंत तर उत्तर 'आहे' असंच येतं, मग ती कधीची का असेना. सासऱ्यांना मोठ्या माशाच्या पलीकडे न्या. डोल जाळी, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत बोंबील, मांदेली, कोळंबी ताजी मिळायचा चांगला योग असतो. रव्यातली कुरकुरीत मांदेली १३ वर्षांचं पोर काट्यासकट खाईल. ८ वर्षांच्या धाकट्याला सुरमईचा मधला काटा काढलेला तुकडा. तिसऱ्या आणि कालवं, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, पहिल्या दिवशी कोणालाच नकोत. घाटातून आलेलं पोट आधी बसू द्या.

स्वतः मासा निवडायची वेळ आली तर बांगड्याचे डोळे चकचकीत आणि पोट घट्ट हवं. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की पांढरट पाणी यावं. लालसर किंवा पिवळट आलं तर तो राहू द्या. ताटात आलेल्या सुरमईचे पापुद्रे ओलसर सुटत असतील तर मासा चांगला. भुसभुशीत तुकडे पडून पाणी सुटलं असेल तर तो बर्फातला.

वेळा पाळा: दुपारचं जेवण पाऊण-एक, रात्रीचं साडेसात-आठ. पुण्याच्या सवयीने रात्री साडेनऊला गेलात तर चांगलं ते संपलेलं असतं. रात्री हलकं घ्या, पिठलं-भात किंवा मऊ भात, आमटी आणि भाजलेला पोह्याचा पापड. सासऱ्यांनी भात मोजका घेऊन एखादी भाकरी घ्यावी, म्हणजे दुपारी एखादा मोदक खाताना मनात अपराधी वाटणार नाही. चार दिवसांत गोळ्या-पथ्य कितपत सैल करायचं हे मात्र निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

एक रात्र पोपटीसाठी ठेवा. ही रायगडची थंडीतलीच गोष्ट, गावठी वालाच्या शेंगा तयार होतात तेव्हाची. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या रानटी झुडपाचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, बटाटे, रताळी, खाणाऱ्यांसाठी अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर सगळं शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र करून लगेच उडाला की पोपटी झाली. मडकं फोडल्यावर किंवा उलटल्यावर जो वास येतो त्यासाठी मी दर जानेवारीत जाते. सासूबाईंसाठी वेगळं शाकाहारी मडकं लावायला आधीच सांगा. मुक्काम शाकाहारी घरी असेल तर तिथे फक्त हेच मडकं सांगा, अंडी-कोंबडीचं मासळीच्या खानावळीत. जाळाभोवती मुलं मोबाईल मागत नाहीत, हे मी अनेक घरांत बघितलंय.

हापूसची आशा मात्र जानेवारीत धरू नका, तेव्हा झाडावर मोहोर असतो. आंबापोळी, फणसपोळी मिळेल ती मागच्या उन्हाळ्याची. येताना कोकमाचं आगळ (खारवलेला रस), आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणा.

दिवस कसा जाईल ते पण सांगते, कारण नुसतं पडून राहायला पहिल्या दिवशी सगळ्यांना जड जातं. सातला चहा आणि सासऱ्यांची गोळीसोबतची न्याहारी, आठ ते दहा समुद्र, परत येऊन आंघोळ आणि घावन, मग झोपाळा. एकला जेवण, चारपर्यंत झोप. पाचला ओल्या वाळूवर, सासूबाईंसाठी घरमालकांकडून एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून घ्या, आनंदाने देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुलं 'आता काय करायचं' म्हणत येतील. उत्तर देऊ नका. तासाभरात ती वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचताना दिसतील. एखादं ठिकाण बघायचंच असेल तर ४ दिवसांत एकच, तेही जेवणाच्या वेळेआधी परत येता येईल असं.

परतीच्या दिवशी न्याहारी करून नऊच्या आत निघा. आदल्या रात्री सांगितलं तर पोळी-भाजी बांधून देतात, म्हणजे सासऱ्यांचं जेवण रस्त्यात वेळेवर होतं. जेवून दुपारी दोनला निघालात तर भरल्या पोटाने घाट आणि संध्याकाळच्या गर्दीत चांदणी चौक, दोन्ही वाट्याला येतात.

घर ठरवताना फोनवर विचारायच्या गोष्टी: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वाडीत बसायला पडवी आहे का, जेवण किती वाजता वाढता, मोदक आणि पोपटी किती आधी सांगावी लागेल. शेवटच्या दोन प्रश्नांना ज्या घरी लगेच आणि नेमकं उत्तर मिळेल, तिथे स्वयंपाक घरातच होतो असं समजा. तारखा नक्की झाल्या की तिथीसकट इथे लिहा. भरती-ओहोटी बघून कोणत्या सकाळी मुलांना पाण्यात न्यायचं ते सांगते.